जखम भरली, पण हात चालत नाही : वणाचं मालिश कधी, कुठं आणि कसं करायचं

टाके निघतात, खपली पडते, डॉक्टर ‘जखम भरली’ म्हणतात, आणि तरी बोट वाकत नाही, गुडघा मांडी घालू देत नाही, वणाला साधी चादर लागली तरी झिणझिण्या येतात. सांगली-मिरज-तासगाव पट्ट्यात ही तक्रार घराघरात आहे. ऊस तोडताना कोयता हातावर किंवा नडगीवर बसतो, कडबाकुट्टीत बोट जातं, द्राक्षबागेत छाटणीची कात्री तळहातात घुसते, गुऱ्हाळावर काहिलीतला रस अंगावर उडतो, हायवेवर दुचाकी घसरून मनगट मोडतं. जखम कुठलीही असो, पुढचा सल्ला एकच मिळतो : ‘तेल लावून चांगलं रगड.’

चुका इथूनच सुरू होतात. कुणी फार लवकर रगडतं, कुणी फार जोरात रगडतं. सगळ्यात जास्त लोक करतात ती चूक वेगळीच : मालिश नीट करतात आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहतात. मालिशनं वण सैल होतो तो थोड्या वेळापुरता. त्या वेळात तो भाग हलवला नाही, तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

मालिश नेमकं काय करतं

गोधडी शिवताना जसा एकच दोरा सगळे थर एकत्र बांधतो, तसा वण कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायूवरचं पातळ आवरण आणि कधी कधी बोट वाकवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सुद्धा एकमेकांना चिकटवून टाकतो. एरवी हे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून हालचाल होते. ते सरकणं परत आणायचं, हे मालिशचं काम आहे. वण ‘फोडायचा’ नसतो, आणि हातानं तो फुटतही नाही. जास्त जोर दिला तर आत नवी सूज येते आणि नवी सूज म्हणजे नवा वण.

नव्या वणाची ताकदही समजून घ्या. जखम होऊन ३ आठवडे झाले की त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या साधारण २० ते ३० टक्के असते. ३ महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि तिथंच थांबते, पूर्ण कधीच होत नाही. आतली बांधणी मात्र वर्षभर, काहींच्या बाबतीत दीड-दोन वर्षं बदलत राहते. त्यामुळे सहा महिन्यांचा वणही सुधारतो. दहा वर्षांच्या जुन्या वणाकडून मात्र माफक अपेक्षा ठेवा. आणि वण पूर्ण नाहीसा करणारं मालिश कुठलंच नाही.

पायरी १ : मालिश करायचं की नाही, हे आधी ठरवा

ही पायरी सगळे वगळतात. सगळ्यात जास्त नुकसानही इथंच होतं.

वणाकडे उजेडात नीट पाहा. सगळे टाके निघालेले हवेत. एकही खपली उरलेली नको, कुठूनही पाणी किंवा पू येत नको, आणि दोन्ही कडा जुळून वर सलग कातडी आलेली हवी. साध्या जखमेत हे सहसा २ ते ३ आठवड्यांत होतं. मधुमेह असेल, तंबाखू-सिगारेट चालू असेल किंवा जखमेत जंतुसंसर्ग झाला असेल, तर याहून उशीर लागतो. सिझेरियनच्या वणाला ६ आठवडे थांबा आणि तेव्हाही डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

इशारा : कोपर चोळू नका. कोपर निखळलं किंवा कोपराजवळचं हाड मोडलं, की आपल्याकडे हाडवैद्याकडे किंवा तालमीतल्या जाणत्या माणसाकडे नेऊन चोळून घेण्याची सवय आहे. पैलवानांचं कोपर आणि झाडावरून पडलेल्या लहान मुलांचं कोपर या दोन्हींचं यात अतोनात नुकसान होतं. दुखावलेल्या कोपराला जोरात चोळलं किंवा ओढून सरळ केलं, तर पुढच्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ लागतं. मग कोपर कायमचं अडकतं. तालमीतलं रगडून केलेलं मालिश धडधाकट, थकलेल्या स्नायूंसाठी आहे, मोडलेल्या सांध्यासाठी नाही. कोपराला फक्त स्वतःच्या ताकदीनं हळूहळू केलेली हालचाल चालते, तीही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर.

इशारा : सुजलेली पोटरी चोळू नका. पायाचं ऑपरेशन झाल्यावर किंवा प्लास्टर निघाल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते आणि गरम लागते, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्यानं ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर एक मिनिटही थांबू नका.

आणखी काही वेळा आधी डॉक्टर, मग मालिश :

- वणाभोवती लाली पसरते आहे, ती जागा गरम लागते, ताप आहे.
- मनगट मोडल्यानंतर सगळा पंजा सुजून चकचकीत झालाय, रंग बदलतोय, घाम येतोय, आणि इजेच्या मानाने आग फारच जास्त होतेय. हे दुखणं मज्जातंतूंच्या बिघाडाचं असतं. त्यावर लवकर उपचार झाले तर हात वाचतो. रगडल्यानं ते भडकतं.
- वण मूळ जखमेच्या हद्दीबाहेर वाढत चाललाय. हा किलॉइड. छाती, खांदा, कानाची पाळी इथं तो जास्त होतो. वण उंच आणि लाल असला, पण जखमेच्या हद्दीतच असला, तर तो वेगळा प्रकार आहे. तो मालिश आणि सिलिकॉनला बरा प्रतिसाद देतो. किलॉइडला मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडून इंजेक्शन वगैरे उपचार लागतात, जोरात चोळून तो चिडतो.
- कापलेली कंडरा शिवलेली आहे. अशा वेळी मालिश आणि व्यायाम दोन्ही कधी सुरू करायचे, ते फक्त शिवणारे डॉक्टर किंवा त्यांचे फिजिओ ठरवतील. तळहाताकडची कंडरा शिवलेली असेल, तर मनगट आणि बोटं एकाच वेळी मागे ताणू नका. शिवण तुटते.

ऊसतोडीच्या टोळीतल्या माणसांची एक खास अडचण असते. जखम एका गावात होते, टाके दुसऱ्या गावात निघतात, आणि तोवर टोळी तिसऱ्या फडावर गेलेली असते. अशा वेळी पहिल्या दवाखान्याचा कागद फेकू नका. आत काय शिवलं, हे त्यावरच लिहिलेलं असतं. पुढचा माणूस त्यावरूनच ठरवतो, कुठं हात लावायचा आणि कुठं नाही.

पायरी २ : मोजून लिहून ठेवा

मोजमाप नसेल तर दोन आठवड्यांनी ‘काहीच फरक नाही’ म्हणून माणूस सोडून देतो. खरं तर फरक पडलेला असतो, रोज बघितल्यामुळे तो दिसत नाही.

वणाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून दिवसाच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढा. बोटाचा प्रश्न असेल तर मूठ वळा आणि बोटाचं टोक तळहाताच्या मधल्या रेषेपासून किती सेंटिमीटर लांब राहतं ते मोजा. गुडघ्याचा प्रश्न असेल तर पलंगावर बसून पाय पुढे घ्या, मग टाच जितकी मागे येईल तितकी घ्या आणि टाच व बूड यांतलं अंतर मोजा. दर रविवारी एकदा, सकाळी, एकाच पद्धतीनं मोजायचं.

तपासा : अडचण नेमकी कुठं आहे? आजारी बोट स्वतःच्या ताकदीनं वाकवा. मग दुसऱ्या हातानं हलकेच वाकवून बघा. कंडरा नुकती शिवलेली असेल तर ही तपासणी करू नका. दुसऱ्या हातानं बोट पूर्ण वाकतंय, पण स्वतःहून वाकत नाही, असं असेल तर कंडरा वणात अडकलीय किंवा तुटलीय. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडतंय, तर सांधाच आखडलाय किंवा कातडी आणि वण ओढतोय. वाकवताना वणाकडे बघा. तिथं खळी पडत असेल, तर वण खाली चिकटलाय हे उघड आहे. आणि बोट स्वतःहून जराही हलत नसेल, तर मालिश करत बसू नका, कंडरा तुटली नाही ना हे आधी तपासून घ्या. कोयत्याच्या लहानशा दिसणाऱ्या जखमेत कंडरा तुटलेली राहून जाते, आणि चोळण्यात गेलेला प्रत्येक आठवडा ती शिवणं अवघड करतो.

पायरी ३ : तयारी

हात साबणानं धुवा, नखं काढा, अंगठी काढा. वणाचा भाग ५ मिनिटं कोमट पाण्यात ठेवा किंवा कोमट पाण्यात पिळलेलं कापड त्यावर ठेवा. अंघोळीनंतरची वेळ सगळ्यात सोयीची.

इशारा : गरम पाण्याची पिशवी, तवा, वीट, विस्तवावर तापवलेलं कापड, यांपैकी काहीही वणावर ठेवू नका. वणाच्या जागी स्पर्श आणि उष्णता कमी कळते. भाजलेलं कळतं ते फोड आल्यावर. मधुमेह असेल तर दुप्पट जपा.

तेल साधं निवडा : खोबरेल किंवा वासाशिवायची पेट्रोलियम जेली. लसूण-ओवा घालून कढवलेलं तेल किंवा बाम नव्या कातडीला झोंबतो. व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल फोडून लावल्यानं काहींना पुरळ येतं, आणि वण त्यानं जास्त बरा होतो असंही नाही. हळदीबद्दल सांगलीत बोलणं म्हणजे धाडसच, पण नव्या वणावर हळद चोळू नका. घरातली पूड निर्जंतुक नसते, काहींना तिचं वावडं असतं, आणि पिवळ्या रंगाखाली लाली दिसतच नाही. रोज बघायची तर तीच असते.

तेल थेंब-दोन थेंबच घ्या. बोट वणावरून घसरत राहिलं, तर फक्त वरची कातडी चोळली जाते, खालचे थर हलत नाहीत. हे न कळल्यामुळे कितीतरी लोक महिनोन्‌महिने तेल मुरवत बसतात.

पायरी ४ : मालिश

आधी वण कुठं चिकटलाय ते शोधा. वणावर बोटाचं पेर टेकवा आणि कातडी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकवून बघा. ज्या दिशेला ती अडते, तीच कामाची दिशा. पूर्ण वणाला सारखाच वेळ द्यायची गरज नाही. अडणाऱ्या जागेला जास्त वेळ द्या.

१. गोल. अंगठा किंवा दोन बोटं टेकवून लहान गोल फिरवा. बोट कातडीवरून घसरू द्यायचं नाही, कातडी बोटासोबत फिरली पाहिजे. वणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा.

२. उभं आणि आडवं. आधी वणाच्या लांबीनं, मग वणाला आडवं. आडवं करताना आधी वणापासून दोन बोटं लांब सुरुवात करा आणि दिवसागणिक जवळ या.

३. सरकवून धरणं. अडणाऱ्या दिशेला कातडी ढकला आणि अर्धा मिनिट तिथंच धरा. झटके नकोत. ओढ जाणवेल, थोड्या वेळानं ती आपोआप कमी होईल. मग थोडं पुढं न्या. सगळ्यात जास्त फायदा याच प्रकारात आहे, आणि लोक नेमका हाच टाळतात, कारण यात काही ‘केल्यासारखं’ वाटत नाही.

४. उचलणं. ६ आठवड्यांनंतर, वण मऊ पडू लागला की, चिमटीत धरून तो हलकेच उचला आणि पुढे-मागे घोळवा. चिमटीत येत नसेल तर ओरबाडू नका, अजून वेळ आहे.

जोर किती? दाबणाऱ्या अंगठ्याच्या नखाचा रंग थोडा फिका पडेल इतका. आपल्या सावळ्या कातडीवर वण पांढरा पडलेला नेहमी दिसत नाही, म्हणून नख बघा. पहिल्या आठवड्यात याच्या निम्माच जोर. सुरुवातीला २-३ मिनिटं, दिवसातून दोनदा. मग वाढवत ५ ते १० मिनिटं, दोन-तीनदा. एकदाच अर्धा तास रगडण्यापेक्षा तीनदा पाच मिनिटं कितीतरी चांगलं.

तपासा : मालिशनंतर गुलाबीपणा अर्ध्या तासात गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा ठणका वाढला असेल, तर जोर जास्त झालाय. एक दिवस थांबा आणि निम्म्या जोरानं सुरू करा. कातडी सोलली किंवा फोड आला तर ती जागा पूर्ण भरेपर्यंत बंद.

बोटांवर सूज असेल तर वणाआधी हात उशीवर, छातीच्या उंचीवर ठेवा आणि बोटाच्या टोकाकडून कोपराकडे हलक्या हातानं सूज सरकवा. उलट दिशेनं कधीही नाही.

भाजलेल्या वणाचं वेगळं आहे. काहिलीतल्या रसानं भाजलेली कातडी महिनोन्‌महिने पातळ राहते. घासलं की फोड येतात. तिथं घासणं पूर्ण टाळा. दाबा, धरा, सोडा, आणि भरपूर तेल किंवा मॉइश्चरायझर लावा, कारण त्या वणात घाम-तेलाच्या ग्रंथी उरत नाहीत आणि कोरडेपणामुळे खाज सुटते. डॉक्टरांनी घट्ट दाबाचे कपडे दिले असतील, तर ते दिवसात साधारण २३ तास घालायचे असतात. फक्त बाहेर जाताना घालून उपयोग नाही. आणि भाजलेला भाग ज्या अवस्थेत ठेवल्यानं बरं वाटतं, त्याच अवस्थेत तो आखडतो. मान भाजली असेल तर उशी काढा. काख भाजली असेल तर झोपताना हात अंगापासून लांब ठेवा.

पायरी ५ : लगेच हालचाल

तेल पुसा आणि पाच मिनिटांच्या आत हालचाल सुरू करा. हीच पायरी खरी.

हातासाठी : बोटं सरळ ठेवा. मग फक्त वरची दोन पेरं वाकवून आकडा करा, परत सरळ. मग पूर्ण मूठ, परत सरळ. मग बोटं मुळाशी काटकोनात वाकवा, पेरं सरळ ठेवून. शेवटी मूठ, पण नखं तळहाताला न टेकवता, सपाट. प्रत्येक आकार १० वेळा. प्रत्येक आकारात कंडरा वेगवेगळ्या अंतरानं सरकतात, म्हणून नुसती मूठ वळून भागत नाही.

गुडघ्यासाठी : मांडीचं हाड मोडून प्लेट किंवा सळी बसवली असेल, तर पाय सरळ आणि मांडी पूर्ण ढिली ठेवून गुडघ्याची वाटी वर-खाली आणि दोन्ही बाजूंना सरकवा. हे हाड नीट जुळत आलंय, अशी डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावरच. वाटी सरकत नसेल तर गुडघा कितीही दाबला तरी वाकत नाही, फक्त दुखतो. वाटी सरकली की मग टाच मागे घ्या आणि शेवटी ३० सेकंद धरा. घरच्यांनी पाय धरून जबरदस्तीनं वाकवू नये. आक्रसलेला स्नायू आणखी आक्रसतो, आणि हाड नीट जुळलं नसेल तर पुन्हा मोडतं.

मग तो भाग वापरा. कणीक मळणं, भाजी निवडणं, टॉवेल पिळणं, कपड्यांची घडी. कंडरा शिवली असेल तर जोरानं पकडण्याची कामं साधारण १२ आठवड्यांपर्यंत नकोत. कोयता, कुदळ, बादली तर नकोतच.

पायरी ६ : झिणझिण्या आणि बधिरपणा

वणाला हात लावू न देणं ही लोकांची नैसर्गिक प्रतिक्रिया असते. पण झाकून ठेवलेला वण आणखी हळवा होतो. रोज तीनदा, दोन-तीन मिनिटं, त्यावर आधी कापूस फिरवा. तो सहन झाला की सुती कापड, मग टॉवेल, मग लोकरीचं कापड. हातासाठी पुढे परातीत तांदूळ घ्या, त्यात हात फिरवा, नंतर हरभरे. एका वस्तूचा त्रास संपल्याशिवाय पुढच्या वस्तूवर जाऊ नका.

बधिरपणा वेगळा. कापलेली नस (म्हणजे मज्जातंतू) शिवल्यानंतर ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मनगटावर कापलं असेल तर बोटाच्या टोकाला जाणीव यायला सहा महिने सहज लागतात. तोवर चूल, इस्त्री, चहाचा ग्लास डोळ्यांनी बघून हाताळा. आणि वणाच्या एकाच बिंदूवर टिचकी मारली की दर वेळी करंट बसल्यासारखी कळ येत असेल, तर तिथं नसेची गाठ झालेली असू शकते. ती चोळून विरघळत नाही, दाखवून घ्या.

पायरी ७ : मालिश नसतानाची काळजी

नवा वण उन्हात काळवंडतो आणि तो काळेपणा लवकर जात नाही. पहिलं वर्षभर बाहेर पडताना पूर्ण बाही घाला किंवा एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा. रानातल्या कामात घामानं सनस्क्रीन टिकत नाही, तिथं कापडच बरं.

वण उंच येत असेल तर सिलिकॉनची पट्टी मिळते. ती दिवसाला १२ तास किंवा जास्त, निदान २-३ महिने लावायची. रोज पट्टी आणि कातडी दोन्ही धुवायची, नाहीतर घामोळं येतं. उन्हाळ्यात रात्रीच लावली तरी चालेल, पण खंड नको. बंद न झालेल्या जखमेवर ती लावायची नाही.

पैलवानांसाठी : वण पूर्ण बंद होईपर्यंत हौदात उतरू नका. मातीमुळे जंतुसंसर्गाचा धोका असतोच. शिवाय ३ आठवड्यांच्या वणावर डाव बसला तर तो उसवू शकतो.

कधी पुढे जायचं

६ ते ८ आठवडे रोज नीट केलंत, आणि वहीतला आकडा एकाच जागी अडलाय, तर फिजिओकडे जा. मिरज-सांगलीत सरकारी आणि खासगी, दोन्हीकडे सोय आहे. जाताना वही, फोटो आणि पहिल्या दवाखान्याचा कागद न्या. ‘दुखतंय, वाकत नाही’ एवढंच सांगू नका. दुसऱ्या हातानं किती वाकतं आणि स्वतःहून किती, हे दोन आकडे सांगा. या दोन आकड्यांत मोठी तफावत असेल आणि काही महिन्यांच्या व्यायामानंही ती कमी होत नसेल, तर अडकलेली कंडरा ऑपरेशननं मोकळी करता येते. ते ऑपरेशन सांधा लवचिक असेल तरच जमतं. म्हणून तारीख मिळेपर्यंत दुसऱ्या हातानं बोट पूर्ण वाकवण्याचा व्यायाम रोज चालू ठेवा. ऑपरेशननंतर हालचाल बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू करावी लागते. त्या काळात रोज फिजिओकडे जाता येईल, अशीच तारीख घ्या. हंगाम, छाटणी किंवा घरचं लग्न त्या आठवड्यांत येणार असेल, तर तसं डॉक्टरांना आधीच सांगा.